रबराची वाटी

टेंबलाईच्या उतारावर संध्याकाळी सहाच्या सुमारास गाड्यांची रांग तुंबली होती. पुढे रिक्षा, मागे दुधाचा टेम्पो, मधे माझी झेन. गाडी न्यूट्रलला, पाय ब्रेकवर आणि डोकं पुढच्या आठवड्यातल्या प्रॅक्टिकलच्या याद्यांत. ब्रेक काही जोरात दाबलेला नव्हता. उतारावर गाडी थोपवायला लागतो तेवढाच. आणि पायाखालचं पेडल खाली जायला लागलं. धपकन नाही. चिखलात रोवलेली काठी आपल्याच वजनाने रुतत जावी, तसं. काय होतंय हे कळेपर्यंत गाडी वीतभर सरकली आणि रिक्षाच्या मागच्या पत्र्याला टेकली. ओरखडासुद्धा उठला नाही, पण रिक्षावाल्याने मान बाहेर काढलीच.

"ओ ताई, बिरेक हाय का नुसतंच पायडल हाय?"

कोल्हापुरात असल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. मी हात वर केला, हँडब्रेक ओढला आणि पेडल सोडून पटपट दोनदा दाबलं. दुसऱ्या वेळी ते वर, घट्ट, आपल्या नेहमीच्या जागी आलं. काही झालंच नाही अशा थाटात. त्याच ब्रेकवर मी घरी आले. आता लिहिताना लाज वाटते, पण आले.

रात्री भांडी आवरताना लक्षात आलं की ते 'पटपट दोनदा' मी घाबरून केलं नव्हतं. ते मला येत होतं. गेले कित्येक महिने मी प्रत्येक चौकात तेच करत होते, आणि मला ते अण्णांनी शिकवलं होतं.

गाडी अण्णांची. 2002 सालची, चंदेरी रंगाची, अजून आरशासारखी पुसलेली. निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली ही त्यांची पहिली आणि शेवटची गाडी. मोतीबिंदूनंतर त्यांनी चालवणं सोडलं आणि किल्ली माझ्याकडे आली. देताना जे बारकावे सांगितले, त्यात एक हे होतं : "आपल्या गाडीला ब्रेक दोनदा दाबायचा असतो. एकदा सांगायला, एकदा थांबायला." मला ते वाक्य इतकं आवडलं होतं की त्यात तक्रार लपली आहे हे ऐकूच आलं नाही.

आमचं घरच तसं आहे. न्हाणीचं दार लावताना जरा वर उचलायचं. हॉलमधल्या पंख्याला आधी दोनवर आणायचं, मग चारवर. मिक्सरचं झाकण डाव्या हाताने दाबून धरायचं. पाहुणा आला की तो न्हाणीत अडकतो आणि आम्ही बाहेरून ओरडतो, "उचला, जरा वर उचला!" आम्हाला यातलं काही बिघडलेलं वाटत नाही. हाताला सवय झाली की बिघाड दिसेनासा होतो, आणि शिक्षकाच्या घरात त्याला काटकसर हे भारदस्त नावही मिळतं. न्हाणीच्या दाराला ते चालतं. पण गेल्या मे महिन्यात करूळ घाट बंद होता म्हणून याच गाडीने, याच दोनदा दाबायच्या ब्रेकवर, मी भुईबावडा घाट उतरले होते, मागच्या सीटवर आई आणि आंब्याच्या पेट्यांची जागा ठेवून. तो उतार आठवला आणि रात्री दोन वाजता मी उठून पाणी प्याले.

सकाळी गाडी उद्यमनगरात नेली. ज्यांनी उद्यमनगर पाहिलं नाही त्यांना सांगणं अवघड आहे. एका गल्लीत लेथ, दुसरीत फाउंड्रीचा माल, तिसरीत नुसते गिअर कापणारे. इथं एखादा सुटा भाग हातात घेऊन उभं राहिलं की चहा संपेपर्यंत कुणीतरी तो बनवून देणारा माणूस दाखवतं. आमचे मिस्त्री या सगळ्याच्या कडेला, एका जांभळाखाली असतात. साठीचे आहेत. अण्णांची गाडी पहिल्यापासून त्यांच्याकडेच; मधली दोन वर्षं मात्र मी वेळ वाचवायला म्हणून एका चकचकीत ठिकाणी नेत होते, जिथं बसायला एसी असतो आणि गाडी काचेपलीकडून बघायची असते. त्याचा उल्लेख मिस्त्रींनी केला नाही. फक्त बॉनेट उघडल्यावर "हं" म्हणाले.

त्यांनी तपासणी केली तीसुद्धा बसल्या बसल्या. इंजिन चालू ठेवलं, पायताण काढलं, अनवाणी पायाने पेडल अगदी हलकं दाबलं आणि समोरच्या जांभळाकडे बघत राहिले. मीही बघत राहिले. अर्धा मिनिट गेला असेल. त्यांचा गुडघा सावकाश सरळ होत गेला.

"बगा. जोरात मारलं की धरतंय. हळू दाबलं की जातंय." मग खाली उतरून चारी चाकं आतून पाहिली. कुठं ओल नाही. ब्रेक ऑइलची डबी काठोकाठ. "तेल हाय तेवढं हाय. म्हंजे भाईर गेलं न्हाई. मग गेलं कुठं? आतल्या आत. मास्टर बायपास झालाय." मास्टर म्हणजे मास्टर सिलिंडर, पेडल दाबलं की तेलावर दाब देणारं नळकांडं. बायपास म्हणजे त्यातलं तेल आतल्या आत मागं निसटणं.

आता माझी गोष्ट. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, बावीस वर्षं झाली. पुस्तक इंग्रजी, समजावणं मराठी. दर वर्षी द्रवाच्या धड्यात पास्कलचा नियम येतो : बंदिस्त द्रवाच्या एका भागावर दाब दिला की तो कमी न होता सगळीकडे सारखा पोचतो. लगेच खाली उपयोग : हायड्रॉलिक लिफ्ट, हायड्रॉलिक ब्रेक. मी फळ्यावर एक पेडल काढते, एक लहान नळकांडं, त्यातून निघणाऱ्या नळ्या आणि चाकापाशी मोठं नळकांडं. उदाहरणही ठरलेलं. समजा, पायाचा भार 20 किलो. पेडलच्या तरफेने तो चौपट, म्हणजे 80. नळकांड्याचा व्यास 20 मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ साधारण 3.14 चौरस सेंटिमीटर. भागाकार करा : दर चौरस सेंटिमीटरला 25 किलो. टायरमध्ये हवा असते त्याच्या दहापटीहून जास्त, आणि यात पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरची मदत अजून धरलेलीच नाही. इथं मागच्या बाकावरचं एखादं पोरगं हमखास वर बघतं, आणि मला शिकवल्यासारखं वाटतं.

त्या आकृतीत रबर नसतं. बावीस वर्षांत मी एकदाही काढलेलं नाही. दट्ट्या आणि नळकांडं यांच्यामध्ये मी फक्त एक रेघ ओढते आणि पुढं जाते. नियमातला पहिलाच शब्द 'बंदिस्त', आणि मी तो दारावरच्या पाटीसारखा वाचून आत शिरते. द्रवाला बंदिस्त कोण ठेवतं, हे परीक्षेत विचारत नाहीत.

पास्कल माझ्यापेक्षा सावध होता. तो 1662 मध्ये वयाच्या 39व्या वर्षी गेला, आणि द्रवांच्या समतोलावरचा त्याचा ग्रंथ पुढच्या वर्षी छापला गेला. त्यात तो सांगतो की पाण्याने भरलेल्या भांड्याला दोन तोंडं ठेवा, एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठं. लहान तोंडाचा दट्ट्या दाबणारा एक माणूस मोठ्या तोंडाशी उभ्या असलेल्या शंभरांना पुरून उरेल. पण दट्ट्या तोंडात अगदी चपखल बसणारा हवा, हेही तो तिथंच म्हणून ठेवतो. लिहायला सोपं! त्या चपखल बसण्याने पुढं सव्वाशेहून जास्त वर्षं खाल्ली. 1795 मध्ये लंडनच्या जोसेफ ब्रामाने जलदाबाच्या प्रेसचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याला छळणारी गोष्ट नियम नव्हता, गळती होती. दट्ट्याभोवतीचं पॅकिंग आवळलं तर दट्ट्या अडकतो, सैल सोडलं तर पाणी बाहेर. तोडगा निघाला तो चामड्याच्या वाटीसारख्या कड्याचा, आणि त्याचं श्रेय ब्रामाच्याच कारखान्यातल्या हेन्री मॉड्स्ले या कारागिराला दिलं जातं. त्या वाटीत पाणी शिरतं आणि आतून तिची कड भिंतीवर दाबतं. जेवढा दाब जास्त, तेवढी वाटी घट्ट. जे निसटायला बघतं त्यालाच पहाऱ्यावर बसवायचं.

हे वाचताना मला आमचा स्टोव्ह आठवला. रॉकेलचा, पितळी. सकाळी पंप मारावा आणि दट्ट्या नुसताच आतबाहेर व्हावा, टाकीत हवा म्हणून जाऊ नये. मग अण्णा पंपाची दांडी बाहेर ओढायचे, टोकाचं चामड्याचं वायसर काढायचे, खोबरेल तेलात भिजवून बोटाने त्याची कड फाकवायचे. पुन्हा बसवलं की हवा धरायची. सायकलच्या पंपालाही तेच औषध. मॉड्स्लेचं नाव घरात कुणाला माहीत नव्हतं, आणि वाळलेलं चामडं कसं वागतं हे सगळ्यांना माहीत होतं.

मोटारींच्या हायड्रॉलिक ब्रेकचीही सुरुवात तिथूनच झाली. माल्कम लॉकहीड या अमेरिकन माणसाने तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक तयार केले, आणि 1921 मध्ये ड्युसेनबर्ग कंपनीच्या गाडीला चारी चाकांना तसे ब्रेक आले. हा लॉकहीड विमानवाल्या लॉकहीडचा भाऊ. त्याच्या सुरुवातीच्या ब्रेकमध्ये कातड्याच्या वाट्या असत. त्या वाळत आणि गळत. 1924 साली क्रायस्लरच्या गाडीत त्याच रचनेला रबराच्या वाट्या बसवल्या गेल्या आणि मग ती गोष्ट जगभर गेली. म्हणजे साऱ्या इतिहासात पास्कलचा भाग एका पानाचा, आणि उरलेलं बाड वायसरचं.

मिस्त्रींना यातलं काही सांगितलं नाही. ते सिरिंजने डबीतलं ऑइल उपसत होते. ते काळपट, उकळून उकळून कडू झालेल्या चहासारखं होतं. नवं तर फिकट, मधासारखं असतं. हे तेल म्हणजे तेल नव्हेच. ग्लायकॉलच्या जातीचा पदार्थ, हवेतलं पाणी ओढून घेणारा. आमच्या झेनला डॉट 3 या प्रतीचं लागतं. ते कोरं असताना निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच मर्यादा 140वर येऊ शकते. घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली की दबते, चाकापर्यंत काही पोचवत नाही. 'ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं' असं जुने ड्रायव्हर सांगतात ते यासाठी. दोन वर्षांनी ऑइल बदलायचं असतं. अण्णांच्या हातात गाडी असताना ते कधी बदललं होतं, याची नोंद त्यांच्या डायरीत होती. माझ्या काळातली नोंद कुठंच नव्हती. नाही म्हणायला त्या काचेवाल्या ठिकाणी मागच्या वर्षी 'ब्रेक सर्व्हिस' झाली होती. तिथं त्यांचा एक पोरगा खाली होता आणि माणूस कमी म्हणून पेडल मारायला मलाच बसवलं होतं. मी उत्साहाने मारलं. पार तळापर्यंत, खाडखाड.

"तितंच घात झाला आसंल," मिस्त्री म्हणाले. रागावले नाहीत, फक्त कारण सांगितलं. रोजच्या ब्रेकला दट्ट्या नळकांड्यात थोडाच पुढं जातो. तेवढी भिंत घासून गुळगुळीत राहते. त्यापुढच्या, कधी न वापरलेल्या भागात वर्षानुवर्षं मळ आणि गंज साचतो. जुन्या सिलिंडरचं पेडल तळापर्यंत मारलं की रबराची मऊ कड त्या खरबरीत भागावरून जाते आणि चिरते. रबर वीस वर्षांचं होतं, कधी ना कधी जाणारच होतं, हे खरं. अण्णांचं दोनदा दाबणं त्याच्याही आधीचं, हेही खरं. पण शेवटचा हात माझा होता असं मला वाटतं.

खोलायला फार वेळ लागला नाही. वेळ गेला तो दोन नटांपायी. सिलिंडरमधून ज्या बारीक लोखंडी नळ्या निघतात त्यांचे नट दहाच्या पान्याचे, पण साध्या पान्याने ओढले तर त्यांच्या कडा गोल होतात, आणि मग तो नट सोडवताना नळीच पिळवटून निघते. मिस्त्रींनी एका रिंग पान्याला तोंडाशी खाच पाडून तो नळीवरून सरकवता येईल असा केलेला आहे. दुकानातही तसा पाना मिळतो. यांचा घरचा आहे आणि तो ते कुणाला देत नाहीत. नटावर गंज सोडवायचं औषध मारून आम्ही चहा घेतला. नंतर पोऱ्याने नट सैल केले, बूस्टरवरचे दोन नट काढले आणि सिलिंडर बाहेर आला. वीतभर लांब, राखाडी, बघून कुणी विचारणारही नाही असा. बूस्टरच्या तोंडात बोट घालून मिस्त्रींनी बघितलं : कोरडं. मागच्या बाजूने गळत असतं तर ऑइल तिथं साचलं असतं आणि बूस्टरलाही खर्च आला असता. खाली मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर मात्र तळहाताएवढा रंग उडाला होता. कधीतरी सांडलेलं ऑइल कुणी पाण्याने धुतलं नव्हतं. हे तेल रंग खातं.

बाकावर सिलिंडर धरून त्यांनी मागची सर्कलिप काढली आणि आतला ऐवज चिंधीवर ठोकून पाडला. दोन दट्ट्ये, दोन स्प्रिंगा. दोन, कारण एका वाटेचं तेल गेलं तरी दुसरी वाट दोन चाकं धरून ठेवते. आणि दट्ट्यांवर त्या वाट्या. मी एक हातात घेतली. आठ आण्याच्या नाण्याएवढी, काळी, खोलगट, कड बाहेर किंचित फाकलेली. म्हणजे फाकलेली असायला हवी होती. ही कड गोलाईतून एका जागी बसलेली होती, आणि नख फिरवलं तर तिथं केसाएवढी चीर लागली. बस, एवढंच. पाय हळू दाबला की दाब सावकाश चढतो. कड भिंतीवर फुलायच्या आत तेल त्या चिरेतून मागं सरकतं. जोरात दाबलं की कड फटकन फुलते आणि धरते. म्हणून समोर कुत्रं आडवं आलं तेव्हा गाडी थांबली होती, आणि निवांत उभी असताना निसटली.

"किट टाकू का आख्खा सिलिंडर?" किट म्हणजे नुसती रबरं, स्वस्त पडतं. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझं बोट धरून नळकांड्यात घातलं. "नख लावा." आत एका जागी नख अडखळलं. "नखाला लागलं की संपलं. नवं रबर घातलं तर ह्येच चरे त्याला सा म्हयन्यात खातील." अख्खा सिलिंडर आणायचं ठरलं. दुकानात दोन होते, दिसायला जुळे, किमतीत बरंच अंतर. दुकानदाराने दोन्ही काउंटरवर ठेवले आणि म्हणाला, "मॅडम, ह्यो ओरिजनल आन ह्यो बी चांगला." त्या 'बी'वरून मी निर्णय घेतला.

नवा सिलिंडर लगेच गाडीला लावत नाहीत, हे मला माहीत नव्हतं. आधी तो व्हाइसमध्ये आडवा, सपाट धरला. त्याच्या तोंडांना दोन प्लास्टिकच्या नळ्या लावून त्यांची टोकं वरच्या डबीत बुडवली, डबीत ताजं ऑइल ओतलं आणि मिस्त्री एका बोथट स्क्रू ड्रायव्हरने दट्ट्या ढकलायला लागले. ढकलायचं, थांबायचं, सोडायचं. नळ्यांतून बुडबुडे डबीत येत होते. आधी मोठे, मग साबूदाण्याएवढे, मग खसखशीएवढे. खसखस संपायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पोऱ्याला कंटाळा आला. मिस्त्रींना नाही. "हितं घाई केली की मग चाकापाशी दिवस जातोय," एवढंच म्हणाले.

शेवटी डबीकडे बोट दाखवून म्हणाले, "आता ह्ये बगा." दट्ट्या अगदी दोरीभर ढकलला. डबीच्या तळातून तेलाचा एक इवलासा उमाळा वर आला आणि लगेच बंद झाला. पुन्हा केलं, पुन्हा उमाळा, पुन्हा बंद. नळकांड्याच्या भिंतीत डबीकडे उघडणारं सुईच्या अग्राएवढं छिद्र असतं. पाय ब्रेकवर नसतो तेव्हा ते उघडं. तेल तापून फुगलं तर त्याला तिथून वर येता येतं, नाहीतर ब्रेक आपोआप लागून चाक जाम झालं असतं. पाय ठेवला की वाटीची कड पुढं सरकते, छिद्र ओलांडते, आणि त्या क्षणी पुढचं सगळं तेल बंदिस्त होतं. उमाळा थांबतो तो क्षण. तोवर पास्कलचा नियम सुरूच झालेला नसतो. मी त्यांना तीनचार वेळा करायला लावलं. "मॅडम, दिवस हाय का आज तुमच्याकडं?" ते म्हणाले. आईशप्पथ, होता.

सिलिंडर गाडीला चढला. नळ्यांचे नट त्यांनी आधी नुसत्या बोटांनी, डोळे मिटून, दोनतीन आटे फिरवले आणि मगच पाना लावला. सांडलेल्या ऑइलवर पोऱ्याने तांब्याभर पाणी ओतलं. आणि मग मिस्त्री म्हणाले, "बसा आत."

मी जरा कचरले. त्यांनी पेडलखाली लाकडाचा एक ठोकळा सरकवून ठेवला. नव्याला त्याची गरज नव्हती. तो माझ्या पायासाठी होता. मग ते मागच्या डाव्या चाकापाशी गेले, मास्टरपासून सगळ्यात लांबच्या. तिथल्या निपलला, म्हणजे हवा काढायच्या बारीक तोटीला, पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या तेलात.

"मारा."

मी मारलं, सावकाश. एक, दोन, तीन.

"धरा. मी म्हनतोय तवर सोडायचं न्हाई. काय वाट्टेल ते झालं तरी."

निपल उघडल्यावर पेडल पायाखालून ठोकळ्यापर्यंत जातं. अगदी टेंबलाईच्या उतारावर गेलं होतं तसं. पोटात खड्डा पडतो आणि पाय आपोआप उचलायला बघतो. आणि तेवढंच करायचं नसतं, कारण निपल उघडं असताना पाय उचलला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून. मला चाक दिसत नव्हतं. त्यांना पेडल जाणवत नव्हतं. मधे फक्त त्यांचा आवाज होता, पत्र्याखालून येणारा.

"सोडा."

चार चाकं. मारा, धरा, सोडा. तिसऱ्या चाकापर्यंत मी विचार करणं बंद केलं होतं, आणि पाय फक्त आवाज ऐकत होता. नळीतून येणारं काळं तेल हळूहळू विटकरी, मग पिवळसर, मग मधाच्या रंगाचं झालं, असं नंतर पोऱ्याने सांगितलं. त्याने ते नीट बघून ठेवलं होतं.

शेवटी इंजिन बंद ठेवून पेडल दाबून धरायला सांगितलं आणि तसंच धरून किल्ली फिरवायला. इंजिन लागताच पेडल बोटभर खाली गेलं आणि तिथं थांबलं. मी घाबरले. "ते बूस्टरचं," मिस्त्री म्हणाले, "जायला पायजे. न गेलं तर वांदा." मग पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून, हलका पाय. जांभळाकडे बघत. पेडल दगडासारखं नव्हतं, पण जागचं हललं नाही.

ट्रायलला ते शेजारी बसले. रंकाळ्याच्या बाजूला रस्ता रिकामा होता. मी वेग घेतला, ब्रेक मारला आणि दोघंही पट्ट्यात लटकलो. पुन्हा घेतला, पुन्हा लटकलो.

"ताई," ते म्हणाले. सकाळपासून मी मॅडम होते. "दोनदा का मारताय?"

मी दोनदा मारत होते. पहिल्याच दाबात गाडी थांबायला लागत होती आणि तरीही पाय वर येऊन पुन्हा जात होता. ठरवून एकदाच दाबायला मला त्या रिकाम्या रस्त्यावर पाच फेऱ्या लागल्या. मिस्त्रींनी त्या पाच फेऱ्यांत एक विडी संपवली.

घरी येताना जुने दट्ट्ये आणि त्या वाट्या कागदात गुंडाळून आणल्या. सोमवारी वर्गात फिरवायच्या होत्या. फळ्यावर आकृती काढायच्या आधी, प्रत्येकाच्या हातात, नख लावून बघायला. त्यासाठी कड चिरलेली ती एक वाटी मी वेगळी काढून ओट्यावर ठेवली आणि अंघोळीला गेले.

बाहेर आले तेव्हा अण्णा खिडकीशी खुर्ची ओढून बसले होते. चष्मा कपाळावर, रबर डोळ्यांजवळ धरलेलं. मी सगळं सांगितलं : चीर, बायपास, नवा सिलिंडर, एकदाच दाबायचं. ब्रामा आणि मॉड्स्लेही सांगितले, तेवढ्यात. त्यांनी ऐकून घेतलं. एकदाच दाबायचं यावर मान हलवली, पटल्यासारखी नव्हे, नोंद केल्यासारखी. मग बोटाने रबराची कड फाकवून बघितली, अगदी स्टोव्हच्या वायसरची बघायचे तशी.

"वाळलंय नुसतं," म्हणाले. "टाकून कशाला दिलं?"

संध्याकाळी बघते तर खिडकीत स्टीलची वाटी, तिच्यात खोबरेल तेल, आणि तेलात ते रबर. सोमवारी सकाळी कॉलेजला निघताना मी ते मागितलं.

"अजून दोन दिवस राहू दे," अण्णा म्हणाले.